औषधापुरतं सुख

आमच्या घरात सुख म्हणून कोणी काही करत नाही. जे करायचं ते प्रकृतीसाठी. भातावर तूप घ्यायचं ते बुद्धीसाठी, चहात गवती चहाची पात टाकायची ती घशासाठी, टाळूवर तेल थापायचं ते डोळ्यांसाठी आणि तिन्हीसांजेला धूप घालायचा तो डासांसाठी. आमच्याकडचे डास धुपाला चांगले सरावलेले आहेत. धूप फिरवला की आरतीला बोलावल्यासारखे जमतात. पण हे बोलायची सोय नाही. डास जात नाहीत हे एकदा मान्य झालं की धूप बंद होणार, आणि 'मला तो वास आवडतो' हे कारण आमच्या घरात आजवर कुठल्याच बाबतीत मंजूर झालेलं नाही.

हा प्रकार आमच्या एकट्यांच्या घरातला असता तर लेख लिहिला नसता. अख्ख्या मराठी मध्यमवर्गात सुखाला पुढच्या दाराने प्रवेश नाही. त्याने मागच्या दाराने यायचं आणि कोणी हटकलं तर सांगायचं, 'मी सुख नव्हे, मी पाचक आहे.' विडा पाचक, मठ्ठा पाचक, बडीशेप पाचक, आवळासुपारी तर पाचकच. एका लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी मला समजावलं, की मठ्ठ्याबरोबर जिलेबी कितीही खाल्ली तरी बाधत नाही. मी शंका घेतली असं त्यांना उगीचच वाटलं, आणि मला पटावं म्हणून त्या भल्या माणसाने वाढप्याला पुन्हा पुन्हा परत बोलावलं.

या व्यवस्थेतला सगळ्यात वरच्या दर्जाचा परवाना म्हणजे ताप. फार नको. १०२ च्या पुढे माणूस खरोखरच आजारी पडतो, त्यात काही राम नाही. ९९.४ हा ताप उत्तम. तेवढ्यात ऑफिसला जायचं नसतं पण पेपर वाचता येतो, आंघोळ माफ असते पण भूक शाबूत असते. ९८.६ असताना ज्या माणसाला 'भाजी आणलीत का' याखेरीज दिवसभरात कोणी काही विचारत नाही, त्यालाच एक डिग्रीसुद्धा न वाढता 'काय करून देऊ?' असं विचारलं जातं. पाऱ्याचा थर्मामीटर होता तोवर यात थोडाफार स्वावलंबनाला वाव होता, कारण उशाशी चहाचा कप असायचा. आता कपाळावर पिस्तूल रोखतात आणि ते खरं बोलतं.

आणि करून काय देतात? मऊ भात. त्याची कृती कोणी लिहून ठेवत नाही, कारण त्यात लिहिण्यासारखं काही नाहीच. आंबेमोहोर तांदूळ, त्याच्या चौपट-पाचपट पाणी, मीठ, आणि तांदूळ आपला तांदूळपणा सोडेपर्यंत धीर. मग डावाने घोटायचा. ताटात वाढला की हा भात पसरायला लागतो, म्हणून मध्ये खळगा करायचा आणि त्यात साजूक तूप सोडायचं. तूप वितळतं, कडेकडेने झिरपतं, आणि इथवर जो वास मंद होता तो एकदम उठून बसतो. मग मेतकूट. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू भाजून त्यात हळद, हिंग, सुंठ, मेथी, मोहरी घालून दळलेलं हे पिवळट पीठ डब्यात असताना कोणाच्या नजरेत भरत नाही. गरम भातावर पडलं की मात्र भाजलेल्या डाळीचा खमंगपणा आणि हिंगाचा ठसका तुपाचा हात धरून वर येतो, आणि सकाळपासून 'तोंडाला चवच नाही' म्हणणारा माणूस उशी सरकवून ताठ बसतो. बाजूला मुरून काळं पडलेलं लिंबाचं लोणचं आणि पोह्याचा पापड. पापड आजाऱ्याला चालतो का, यावर मतभेद आहेत. आमच्याकडे भाजलेला चालतो. तळलेला दुसऱ्या दिवसापासून चालतो.

पहिलं ताट चाटूनपुसून रिकामं झालं की आई म्हणते, "पोटात काही गेलंच नाही रे तुझ्या." असलं वाक्य निरोगी माणसाच्या नशिबी नसतं. त्याला "पुरे आता" ऐकावं लागतं.

या भाताच्या वासामागे काय असतं ते मी मुद्दाम वाचून काढलं. सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः टू-असिटाइल-वन-पायरोलीन नावाच्या रेणूचा. बासमतीत तो, आंबेमोहोरात तो, आणि ताज्या पॉपकॉर्नच्या वासातही तोच. म्हणजे मल्टिप्लेक्सच्या दारात आपलं चित्त विचलित होतं ते काही परक्या खाण्याने नव्हे, घरच्याच भाताच्या ओळखीने. त्या ओळखीचे तिथे काहीशे रुपये पडतात एवढंच. इथवरची माहिती घरात सगळ्यांना आवडली. मग मी पुढचं सांगितलं, की ईशान्य भारताच्या जंगलांत बिंटुरोंग नावाचा एक झुबकेदार शेपटीचा प्राणी आहे, त्याच्या मूत्राला पॉपकॉर्नसारखा वास येतो आणि २०१६ साली शास्त्रज्ञांना त्यातही हाच रेणू सापडला. तेव्हापासून मला पानावर बसून विज्ञान सांगायला बंदी आहे.

बंदी जेवतानाची आहे, म्हणून झोपतानाचं सांगतो. सर्दीत छातीला, पाठीला आणि नाकाखाली जो बाम चोळतात, त्यातला मेन्थॉल नाकातला अडथळा तसूभरही हलवत नाही. तो फक्त गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवतो. मेंदूला वाटतं, वा, थंड हवा आली, नाक सुटलं. नाक होतं तसंच चोंदलेलं. हे कळल्यावर बामाबद्दलचा माझा आदर वाढला. परिस्थिती जशीच्या तशी ठेवून माणसाला बरं वाटायला लावणं हे एरवी फक्त अर्थसंकल्पाच्या भाषणाला जमतं, आणि त्याने डोळ्यांतून पाणी येतं ते वेगळ्या कारणाने.

वासाच्या बाबतीत खुद्द मेंदूनेच जरा ढिलं धोरण ठेवलेलं आहे. डोळ्यांना दिसलेलं, कानांवर पडलेलं आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतं आणि मग पुढे जातं. वासाला आधी तिथे थांबावं लागत नाही. नाकाच्या छताशी बसलेल्या पेशींकडून निघाला की तो भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या दारातच जाऊन उतरतो. माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे संवेदक असतात; त्यांची जनुकं शोधून काढणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं, की वास आत येताना कारण सांगत बसत नाही. डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलमध्ये कोणी मोगऱ्याची पुडी घेऊन उभं असलं, की ज्याचा बूट आपल्या पायावर आहे त्याच्याबद्दलसुद्धा क्षणभर बरं वाटतं. का वाटलं ते मागाहून ठरवायचं. आणि आपला माणूस ते ठरवतोच: "मोगरा थंड असतो हो. डोळ्यांना चांगला."

कसलंही कारण न देता सुख घेणारा एकच माणूस माझ्या माहितीत आहे, आणि तो राजा होता. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर. ही कल्याणी म्हणजे आमच्या पुढचं जंक्शन नव्हे. कर्नाटकात बीदर जिल्ह्यात आज जे बसवकल्याण आहे ती. या राजाने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय. राज्य मिळवणं आणि राखणं ही कामं त्याने पहिल्या दोन भागांत उरकली आणि तिसरा अख्खा भाग उपभोगांना दिला. स्नानाचा अध्याय वेगळा, उटी लावण्याचा वेगळा, फुलांच्या माळांचा वेगळा, विड्याचा, अन्नाचा, पिण्याच्या पाण्याचा, धुपाचा वेगळा, आणि पायांना तेल चोळून घेण्याचाही वेगळा. राजाचं बिरुद भूलोकमल्ल. पृथ्वीवरचा मल्ल, पण पाय चोळून घ्यायला बरं वाटतं हे लिहून ठेवताना त्याला संकोच वाटला नाही. आमच्याकडे पायाला तेल लावून घ्यायचं तर आधी टाच दुखावी लागते. अन्नाच्या अध्यायात मात्र शेतातले उंदीर भाजण्याची कृतीही आहे. राजाबद्दलचा आदर तसाच ठेवून मी तिथून मऊ भाताकडे परत आलो.

आपल्याला सुगंधी स्नान घडतं ते वर्षातून एकदा आणि तेही धाक घालून. नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान केलं नाही तर सरळ नरक. जरा विचार करा. कोमट सुगंधी तेल, नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, चंदन घातलेलं उटणं, कढत पाणी, खास त्या दिवसासाठी आणलेला गोल साबण. एवढं सगळं माणसाने अंगाला लावून घ्यावं म्हणून यमाची भीती घालावी लागते. आणि तरी लोक पांघरुणातून "पाचच मिनिटं" म्हणतात. तो गोल साबण हाही स्वतंत्र विषय आहे. हातात मावत नाही, साबणदाणीत थांबत नाही, एकदा तरी मोरीच्या भोकापर्यंत घरंगळत जातोच. पहिल्या दिवशी त्याचा मान देवघरातल्या वस्तूचा असतो. तुळशीच्या लग्नापर्यंत तो चपटा होतो आणि नाताळच्या सुमारास घरातलं कोणीतरी त्याने रुमाल धुताना सापडतं.

पहिल्या पावसाच्या मातीचा वास मात्र कुठल्याही सबबीशिवाय चालतो. बहुधा फुकट असल्यामुळे. १९६४ साली इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी त्याला पेट्रिकोर असं नाव दिलं. तोवर कनौजचे अत्तरवाले भाजलेली माती तांब्याच्या देगांत उकळून तिची वाफ चंदनाच्या तेलात धरत आलेच होते. या वासातला एक मोठा भाग जिओस्मिनचा. मातीतले जिवाणू तो बनवतात आणि आपलं नाक तो अत्यल्प असला तरी पकडतं. हाच जिओस्मिन बीटमध्येही असतो. पहिल्या सरीला खिडकीत डोळे मिटून उभी राहणारी माणसं पानात बीटची कोशिंबीर आली की "मातकट लागते" म्हणून कडेला सारतात. रेणू तोच. पण कोशिंबीर खरोखरच प्रकृतीसाठी वाढलेली असते ना.

काही वास असे आहेत की त्यांना कुठलाच परवाना मिळत नाही. पेट्रोल पंपावरचा, नव्या टायरच्या दुकानातला, ओढलेल्या काडीचा. यांच्या बाजूने बोलायला वैद्य मिळत नाही, भटजी मिळत नाही. माणसं ते चोरून घेतात. कोऱ्या दिवाळी अंकाच्या शाईचा वासही खरं तर याच जातीचा, पण त्याला साहित्याचं संरक्षण आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली, आणि अंक हातात आला की आधी मधोमध उघडून नाक खुपसायचं, मग अनुक्रमणिका पाहायची, ही वाचनाची पद्धत मी थोरामोठ्यांमध्ये पाहिलेली आहे. वाचनालयातून आलेल्या अंकाला शाईऐवजी आधीच्या वाचकाच्या चिवड्याचा वास असतो. तो वाचक कुठल्या कथेपाशी रमला ते तेलाच्या डागावरून कळतं, आणि कवितांची पानं बहुतेक कोरी असतात. इतकी प्रामाणिक समीक्षा मी दुसरीकडे वाचलेली नाही.

बंगळुरूला नोकरी करणारी पुतणी गेल्या दिवाळीत सुगंधी मेणबत्ती घेऊन आली. काचेच्या पेल्यात, वर लाकडी झाकण. "आजी, ही लावून बसायचं. मूड एकदम छान होतो."

"अगं, पण लाइट आहेत की," आई म्हणाली.

मेणबत्ती लाइट गेल्यावर लावायची असते, हे आमच्या घराचं धोरण इतकं स्पष्ट आहे की त्यावर चर्चा होत नाही. "आजी, ही लाइट असतानाच लावतात," पुतणीने सांगून पाहिलं. मग तिने किंमत सांगितली. ती ऐकल्यावर असं ठरलं, की ही लाइट गेल्यावरसुद्धा लावायची नाही. मेणबत्ती देवघराच्या खालच्या खणात गेली. मध्ये दोनेकदा लाइट गेले तेव्हा साधी पांढरी लावली. पण त्या खणाचं उघडणं अलीकडे जरा वाढलंय असं मला वाटत होतं, म्हणून दुपारी पाणी प्यायला उठलो असताना डोकावलो. आई झाकण काढून, डोळे मिटून, पेला नाकाशी धरून उभी होती. मला पाहिल्यावर म्हणाली, "खणात झुरळं झालीत का बघत होते."

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे संध्याकाळी साडेसातला चार मजल्यांच्या स्वयंपाकाची बित्तंबातमी जिन्यातच मिळते. पहिल्या मजल्यावर सुकट, दुसऱ्यावर लसणीची फोडणी, तिसऱ्यावर कोणाचं तरी दूध उतू गेलेलं. मध्येच हिंग. हा हिंग कुठून कुठून आमच्या जिन्यात पोचतो पाहा: इराण, अफगाणिस्तान, उझबेकिस्तान. आपल्याकडे त्याची लागवडच नव्हती. २०२० च्या ऑक्टोबरात हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात त्याचं पहिलं रोप लावलं. कच्चा असताना ज्याच्या वासाने पाहुणे उठून जातील असा हा डिंक गरम तेलात पडला की तेच पाहुणे जेवूनच जायचं म्हणतात. चौथ्या मजल्यावर आमचं दार, आणि तिथे मला काहीच वास येत नाही. नाक ज्या वासात मुरलं तो ते थोड्या वेळात हजेरीपटावरून काढून टाकतं.

यातला खरा अन्याय स्वयंपाक करणाऱ्या बाईवर होतो. मोहरी तडतडते, कढीपत्ता चुरचुरतो, बाहेरच्या खोलीतले सगळे "काय वास सुटलाय!" म्हणत हात धुवायला उठतात, आणि जिने फोडणी घातली तिच्या नाकाने केव्हाच काम थांबवलेलं असतं. शेवटी जेवायला बसताना ती "वासानेच पोट भरलं" म्हणते आणि आपण ते खरं मानतो, कारण तोवर आमटी संपलेली असते.

आमच्या हिचं सुख म्हणजे दुसऱ्या कोणीतरी केलेला चहा. पण तेही थेट मागता येत नाही. त्यासाठी डोकं चढावं लागतं. सुटीच्या दिवशी ते दुपारी चारला चढतं. मग मी आलं किसतो. किसतो, ठेचत नाही, यावर पूर्वी मतभेद होते, ते आता मिटवले आहेत. दूध घातल्यावर चहा भांड्याच्या काठापर्यंत दोनदा येऊ द्यायचा, दोनदा खाली बसवायचा. ही खिडकीपाशी बसते, कप दोन्ही हातांत धरते आणि पिण्याआधी थोडा वेळ नुसती वाफ घेते.

"कसा झालाय?"

"साखर जास्त झालीय. आलं कमी आहे. भांडं घासलंत का?"

"घासतो. डोकं?"

"उतरलं की." अजून एकही घोट घेतलेला नसतो.

माझ्या स्वतःच्या सुखावर मध्यंतरी मोठी गदा आली. रक्ताच्या तपासणीत एका आकड्यापुढे जाड ठशात काहीतरी छापून आलं आणि आमच्या डॉक्टरांनी तूप बंद केलं. पिढ्यान् पिढ्या जे तूप आम्ही प्रकृतीच्या खात्यातून मिळवत आलो, ते त्याच खात्याने रद्द केलं. अशा वेळी माणसाने शेजारच्या खात्यात अर्ज करावा. धर्मात त्याची तरतूद आहे. पान वाढून झालं की भातावर तुपाची धार पडल्याशिवाय जेवायला सुरुवात करायची नाही, त्या तुपाला अन्नशुद्धी म्हणतात. आणि शुद्धी किती चमच्यांनी होते याचा खुलासा मला कुठे सापडलेला नाही. ही एका चमच्यात होते म्हणते. मी मुळात तांदूळच किती अशुद्ध असतो त्यावर आहे असं म्हणतो.

गणपतीत डॉक्टर दर्शनाला आले. आईला आदल्या रात्रीपासून बारीक ताप होता, तेव्हा दर्शन आणि तपासणी एकदमच उरकायचं ठरलं. त्यांनी आरास पाहिली, आईची नाडी पाहिली, घसा पाहिला आणि म्हणाले, "विशेष काही नाही. हलकं काहीतरी खायला द्या." पुढे केलेला मोदक त्यांनी गोड बंद आहे म्हणून हात जोडून परत केला. हलकं गॅसवर शिजतच होतं. हिने झाकण काढलं, भात घोटला, ताटलीत वाढून खळगा केला, तूप सोडलं आणि मेतकुटाचा डबा उघडला. डॉक्टर बॅग घेऊन उठले होते ते परत बसले. आईच्या ताटलीकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्याच कपाळाला हात लावत म्हणाले, "वहिनी, मलाही सकाळपासून जरा कणकणच वाटतेय हो."